फक्त ओठ

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मुक्ताच्या, माझ्या नातीच्या, डोक्यावर हात ठेवून सांगितलं असतं, पण ती आता कॉलेजात जाते आणि केस विस्कटतात म्हणून डोक्याला हात लावू देत नाही. आमच्या नाटक कंपनीच्या तंबूत वाघ शिरला आणि माझ्या सासऱ्यांनी त्याला पहिल्या रांगेत बसवून तिसरा अंक पुरा केला, ही गोष्ट मी सांगते तेव्हा तुम्ही हसता. हसा. ही त्यातली नव्हे. हिला साक्षीदार आहेत.

"आजी, बांगड्या."

"काढल्यात."

"मग काय वाजतंय?"

"पदराची पिन असेल. कान आहेत की काय आहे गं तुला, निशा?"

"त्याच्यासाठीच बसवलंय मला इथे," काचेपलीकडून निशा घाग म्हणाली आणि तिने हेडफोन सारखे केले. "पिन काढा. पदर खोचून घ्या."

आठ वर्षं झाली याला. ठाण्यात, नौपाड्यात, एका बँकेच्या खाली तळघरात तो स्टुडिओ होता. परदेशी सिनेमांना मराठी आवाज द्यायचं काम तिथे चालायचं. काचेच्या पलीकडे आवाज टिपणारी निशा, असेल अठ्ठावीस-तीसची, बोलणं मोजकं. तिच्या शेजारी श्रीरंग दातार, डबिंगचे डायरेक्टर. वाक्यं ते म्हणून घ्यायचे. अलीकडे मी, माइक आणि भिंतीवर पडदा. चाळीस वर्षं मी नाटकांतून आया केल्या, रडक्या केल्या, खाष्ट केल्या, आणि गुडघे गेल्यावर या तळघरात उतरून नुसत्या आवाजाच्या आया करायला लागले.

त्या दिवसांत मी एका सुपरहिरोची आई होते. ताम्रपंख. कॉमिकच्या पुस्तकांतून निघालेला, पाठीला तांब्याचे पंख फुटलेला, वीस-वीस मजली इमारतींमधून गिरक्या घेत हिंडणारा मुलगा. त्याचे तीन भाग येऊन गेले होते आणि तिन्हींत त्याच्या आईला आवाज माझा. मुक्ता तेव्हा दहा वर्षांची. माझी आजी ताम्रपंखची आई आहे, असं तिने वर्गात सांगितलं आणि खोटं बोलते म्हणून बाईंनी तिला तासभर उभं केलं. आमच्या घराण्यात हे चालायचंच.

चौथ्या भागाच्या वेळी मात्र तळघराचा तुरुंग झाला. कंपनीने सालियन नावाचे गृहस्थ आणून बसवले. पांढरा शर्ट, कपाळाला आठ्या, आणि खुर्ची अशी लावलेली की दार, माइक आणि संडास तिन्ही दिसावेत. आल्या आल्या फोन काढून घेऊन लोखंडी पेटीत टाकायचे. वाक्यांचे कागद एकेक हातात द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. सिनेमाचं नावसुद्धा घ्यायचं नाही म्हणून त्याला खोटं नाव ठेवलेलं, शेवगा. "शेवग्याची आई आली का?" असं दातार जिन्यातून ओरडायचे.

आणि पडदा काळा. सगळाच्या सगळा काळा, मधोमध अंड्याएवढं भोक, आणि त्या भोकात ओठ. ज्या बाईला मी आवाज देणार तिचे फक्त ओठ. ती कुठे उभी आहे, समोर कोण आहे, दिवस आहे की युद्ध, काही कळायचं नाही. ओठ हलले की आपण बोलायचं, मिटले की थांबायचं.

शेवटच्या दिवशी माझी चारच वाक्यं होती. झोप आता. मी आहे इथे. तू उठू नकोस. बाकीचं मी बघते.

"हे कुणाला म्हणायचंय?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही, आजी," दातार म्हणाले.

"मुलाला की नवऱ्याला, तेवढं तरी."

"ओठ बघा आणि म्हणा."

"नवऱ्याला मी बाकीचं बघते असं म्हणणार नाही. तो झोपायच्या आधीपासून मीच बघत असते."

निशा फिसकन हसली. सालियननी कोपऱ्यातून नजर उचलली, तशी ती खाली मान घालून बटणं फिरवायला लागली.

मी अकरा वेळा ते ओठ पाहिले आणि अकराव्या वेळी दातारांना हवं तसं म्हटलं.

घरी आले तर मुक्ता आणि बिल्डिंगमधल्या चार पोरी पार्किंगच्या पायरीवर बसलेल्या. शेवट काय, शेवट काय. मी म्हटलं, बाई गं, काळा पडदा असतो, मला काय ठाऊक. मुक्ता म्हणाली, "आजी, तुला माहीत नाही असं कधी असतं का?" आता हे असं कुणी म्हटलं की माझी जीभ घरात राहत नाही. मग मी पायरीवर बसले आणि माझ्या डोक्यातला शेवट सांगितला. सही मी कंपनीच्या कागदावर केली होती ती सिनेमातलं बाहेर न सांगण्याची. माझ्या डोक्यातलं सांगायला कुणाच्या बापाची बंदी होती? पोरी तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. एक तर रडली. मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी, सिनेमा लागायला नऊ दिवस उरले असताना, दातारांचा फोन. ताबडतोब या.

तळघराच्या बोळात आम्ही सहा-सात जण ओळीने खुर्च्यांवर. सगळे आवाज. ताम्रपंखचा आवाज, त्याच्या मैत्रिणीचा आवाज. राक्षसाला आवाज देणारा माणूस तर इतका घाबरट की स्वतःच्याच बुटांकडे संशयाने बघत होता. पाणी द्यायलाही कुणी उठेना. उठला तर पळाला म्हणतील.

सालियन उभे राहिले. "शेवट फुटला आहे," ते म्हणाले. "काल संध्याकाळपासून लाखो लोकांनी पाहिलं. इंग्लिशमध्ये पण गेलं. तिकडून मला सारखे फोन आहेत."

"काय फुटलं पण?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"फुटलंय ना? मग आता काय राहिलं?"

"मी सांगितलं तर आणखी सात जणांना कळलं, बाई. मी माझ्या तोंडाने फोडणार नाही."

मग एकेकाला आतल्या खोलीत बोलावणं सुरू झालं. बाहेर कुजबूज. काळा पडदा सगळ्यांनाच होता. उघडं चित्र फक्त दोघांनी पाहिलेलं, दातारांनी आणि निशाने. शेवटी सगळे ओठ जुळले की नाही हे तपासायला ते दाखवावंच लागतं. म्हणजे दोघांतला एक.

मी खुर्चीवर बसून दोघांचा हिशेब लावला. दातार बोलके. चहाच्या टपरीवर उभे राहिले की पुढच्या वर्षाचीही बातमी देतील. पण निशा? निशाकडे दोन फोन होते. हे मला एकटीलाच माहीत होतं. एक ती रोज सालियनच्या पेटीत टाकायची आणि दुसरा डब्याच्या पिशवीत, पोळीच्या रुमालाखाली. दुपारी पावणेचार झाले की ती जिन्याखाली जायची आणि भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलायची. एकदा मी वरून उतरत होते तेव्हा ऐकलं, "इथे कुणाला कळता कामा नये." मला बघितल्यावर फोन ओढणीत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

माझी पाळी आली.

"कर्णिक आजी, तुम्हाला कुणावर संशय?" सालियननी विचारलं. दातार बाजूलाच बसलेले.

आता खरं सांगते, म्हणजे सगळंच खरं सांगतेय, पण हे जरा जास्त. दातारांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला काम देणारे दातार. त्यांच्या तोंडावर त्यांचं नाव घेतलं असतं तर पुढच्या भागातली आई दुसऱ्या कुणाला गेली असती.

"संशय असा नाही," मी म्हटलं. "पण निशाकडे दोन फोन आहेत."

पाच मिनिटांत पोळीच्या रुमालाखालचा फोन टेबलावर आला. सालियननी तो पेटीत टाकला. निशा म्हणाली, "तो माझ्या घरच्या कामाचा आहे. प्लीज, तो तरी द्या." तपास होईपर्यंत मिळणार नाही, असं सालियन म्हणाले. दातार म्हणाले, "निशा, उद्यापासून येऊ नकोस. आणि हे मला बाकीच्या स्टुडिओंनाही कळवावं लागेल. कंपनीची अट आहे." म्हणजे मुंबई-ठाण्यात तिला कुणी काचेच्या पलीकडे बसवणार नव्हतं. ती आमच्या खुर्च्यांसमोरून जिना चढून गेली. कुणाकडे बघितलं नाही. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला, मीही सोडला. चोर सापडला.

घरी आले तर मुक्ता दाराशी फोन धरून उभी, चेहरा पडलेला.

"आजी, तू चिडणार नसशील तर दाखवते."

"चिडणार. दाखव."

स्पृहा नावाची तिची मैत्रीण, दुसऱ्या मजल्यावरची. तिच्या मोठ्या बहिणीने एक चॅनल काढलेलं. त्यावर तिने सांगितलं होतं की आतल्या गोटातली बातमी आहे, सिनेमाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलेली. खाली लिहून दिलेलं. मी चष्मा लावला.

ताम्रपंख मरतो. त्याच्या पंखांवरूनच शत्रू त्याला शोधत असतो, म्हणून शेवटी आई स्वतः ते पंख उपटते. उपटण्याआधी खोबरेल तेल कोमट करून त्याच्या पाठीला लावते, दुखू नये म्हणून. मग त्याला निजवते, आणि ते पंख स्वतःच्या पाठीला लावून बाहेर पडते.

मी पायरीवर सांगितलेला शेवट. खोबरेलासकट.

"हे तर मी रचलं होतं," मी म्हटलं.

"हो ना," मुक्ता म्हणाली. "मग लोक एवढे का चिडलेत? कंपनीने व्हिडिओ बंद करायला लावला. खोटं असतं तर कशाला लावला असता?"

दहा वर्षांची पोर. मी स्टूल घेऊन बसले. दोन-चार मिनिटं मला आमचा हॉल दिसेनासा झाला, ते अंड्याएवढं भोक दिसायला लागलं. झोप आता, म्हणताना त्या ओठांनी उत्तराची वाट बघितली नव्हती. जिवंत माणसाला झोप म्हटलं की ओठ जरा उघडे राहतात, तो हूं म्हणेल म्हणून. हे लगेच मिटले होते. चाळीस वर्षांत मेलेल्या मुलांशी मी किती वेळा बोलले असेन, मला कळणार नाही? आणि बाकीचं मी बघते, म्हणताना खालचा ओठ आत ओढला गेला होता. पाठीवर मोठं ओझं घेताना बाई तो तसा ओढते. मी म्हणत होते रचलं. रचलं कसलं, वाचलं होतं. तेलाची वाटी तेवढी माझी.

म्हणजे चोर मी. आणि निशा घरी.

आता तुम्ही म्हणाल, लगेच फोन करायचा की. नाही केला. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत केला नाही. कारण ज्या बाईने शेवटी पंख लावले, तिचाच पुढचा भाग असणार होता ना. म्हणजे पाचव्या भागात सुपरहिरो आई. म्हणजे मी. एकाहत्तराव्या वर्षी, गुडघ्यांची वाट लागलेली असताना, मी वीस-वीस मजले उडणार होते. सासऱ्यांच्या वाघानंतर आमच्या घरात एवढं मोठं काही घडलं नव्हतं. आणि कुणालाही कळणार नव्हतं. चॅनलवालीने नाव घेतलं नव्हतं, सालियनना दोन फोन सापडले होते, गोष्ट मिटली होती.

मुक्ता शाळेतून आली. दप्तरही न काढता म्हणाली, "त्या निशाताईंचं काय झालं?"

"तुला कोण निशाताई?"

"तूच सांगितलंस ना काल आईला. चोर पकडला म्हणून."

मी चपला घातल्या.

सालियन आणि दातार दोघेही तळघरात होते. मी सगळं सांगितलं. पायरी, पोरी, ओठ, तेल. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आजी," दातार म्हणाले, "निशाबद्दल वाईट वाटतंय, ते समजतं मला. पण त्या वाघाच्या गोष्टीसारखं हे इथे नाही चालायचं."

"वाघाचं वेगळं. हे खरं आहे."

"वाघ पण खराच होता म्हणाला होतात."

सालियन माझ्याकडे बघत होते. "ओठांवरून कुणाला एवढं कळतं, बाई? तेल कुठून आलं मग? तेल तर सिनेमात नाही."

"तेच तर सांगतेय. निशाने चित्र उघडं बघितलं होतं. तिने फोडलं असतं तर त्यात तेल आलं असतं का? पंख उपटायच्या आधी खोबरेल कोमट करणारी बाई परदेशात असते का? ती इथेच असते. तुमच्यासमोर बसलीय."

सालियननी लॅपटॉप उघडला. दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाचे, न लागलेल्या, काळे तुकडे होते त्यात. आवाज बंद केला. "सांगा," म्हणाले.

पहिल्या भोकात एका पुरुषाचे ओठ. मी दोनदा बघितले. "हा नोकर आहे. वाक्य संपल्यावर ओठ मिटत नाहीत, हुकूम काय येतो बघतोय. आणि जिना चढतोय, दम लागलाय." सालियननी पुढचा तुकडा लावला. दुसऱ्यात बाईचे ओठ. "खोटं बोलतेय. बोलायच्या आधी ओठ ओले केले. समोरचा माणूस तिला आवडतो, म्हणून जड जातंय." तिसऱ्यात एका तरुण मुलीचे. ते मी तीनदा लावायला सांगितले. "हिच्यासमोर कुणी नाही. फोनवर बोलतेय. पलीकडे वडीलधारं माणूस आहे आणि ते दुखण्यात आहे. ही हसून बोलतेय, पण हसू ओठांच्या कडेपर्यंत जात नाही."

सालियननी लॅपटॉप मिटला. "वडील आहेत तिचे," ते म्हणाले. "हॉस्पिटलमध्ये."

दातार खुर्चीत मागे टेकले.

मी लिहून दिलं, सही केली. सालियन बरे निघाले, पोलिसात वगैरे गेले नाहीत. पण निघताना दातार दाराशी आले. "पाचवा भाग..." म्हणाले आणि थांबले.

"कळलं," मी म्हटलं. "दुसरी बघा."

दुसऱ्या दिवशी निशाला बोलावलं. मीही गेले. सालियननी तिला ओठांपासून तेलापर्यंत सगळं सांगितलं, माफी मागितली आणि दोन्ही फोन टेबलावर ठेवले. पोळीच्या रुमालाखालचा फोन तिने आधी उचलला. चालू केला तशी त्याच्यावर एकामागून एक न घेतलेले फोन दिसायला लागले. सगळे पाळणाघराचे.

तिचा तीन वर्षांचा मुलगा. फिट्स येत होत्या त्याला. नवरा सोडून गेलेला. दुपारी पावणेचारला औषध दिलं की पाळणाघरातल्या बाई फोन करायच्या. लहान मूल आहे कळलं तर या धंद्यात दोन-दोन पाळ्या कुणी देत नाही, म्हणून तिने स्टुडिओत सांगितलंच नव्हतं. इथे कुणाला कळता कामा नये, ते हे.

"अगं, मग आधी सांगायचं ना," दातार म्हणाले. एवढं गोड ते कधी बोलत नसत. निशालाही कळलं. पुढचं मोठं काम आलं तेव्हा दातारांनी दुसऱ्याला बसवलं. लहान मूल आहे, हिला कसं झेपणार, म्हणाले.

जिन्यात मी तिला गाठलं. "निशा, माझं चुकलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी माइकसमोर पडद्याकडे बघते तशी. "परक्या बाईचे ओठ बघून तिचा मुलगा मेला ते तुम्हाला कळलं, आजी," ती म्हणाली. "माझ्याशी तर तुम्ही रोज काचेतून बोलत होतात." आणि वर गेली.

सिनेमा लागला. पाचवाही लागला. त्यातल्या आईला दुसऱ्या बाईंचा आवाज आहे, बऱ्या करतात, फक्त उडताना घाबरल्यासारख्या वाटतात. आणि निशा? पुढच्याच महिन्यात एका रविवारी निशा मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मी शिरा केला होता. पोर मुक्ताच्या मांडीवर बसून खात होतं, निशा हसत होती, जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, जाऊ द्या आजी, झालं गेलं.

हं. मुक्ता बघतेय माझ्याकडे.

बरं, शब्द न् शब्द म्हणाले होते, तर हे सांगून टाकते. निशा आली नाही. चार-पाच वेळा मी फोन केला, तिने उचलला नाही. त्या रविवारी शिरा मात्र खरंच केला होता, केळं घालून, लहान मुलाला आवडेल म्हणून. संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला. मग मी आणि मुक्ताने खाल्ला.